मोजणारं कुणीच नाही

माझं काम मोजायचं. एका औषध कंपनीच्या मायक्रो लॅबमध्ये रोज सकाळी इन्क्युबेटरमधून बॅक्टेरिया वाढवलेल्या प्लेटी काढायच्या, कॉलनी काउंटरवर ठेवायच्या, एकेका ठिपक्यावर, म्हणजे बॅक्टेरियाच्या कॉलनीवर, पेनाने टिंब देत मोजत जायचं आणि आकडा रजिस्टरला चढवायचा. तीनशेच्या वर ठिपके दिसले की आम्ही सरळ टीएनटीसी लिहितो, म्हणजे मोजण्यापलीकडचं, आणि सँपल डायल्यूट करून परत लावतो. इतकी वर्षं हे केल्यावर बॅक्टेरिया म्हटलं की डोळ्यांसमोर आधी आकडाच येतो. त्यामुळेच असेल, पण कोरम सेन्सिंग हा विषय डोक्यात जाऊन बसलाय तो बसलाच. म्हणजे ज्यांना मी मोजतो ते स्वतःच स्वतःला मोजतात आणि संख्या पुरेशी झाली की सगळे मिळून एखादं काम एकदम सुरू करतात, असं ते सगळं आहे. टेक्स्टबुकात हे अर्ध्या पानात उरकतात. पण जरा खोलात गेलं की त्यातला 'मोजतात' हाच भाग डळमळायला लागतो, आणि मला खरी गंमत तिथेच वाटते.

सुरुवात १९७० ची. हार्वर्डमध्ये वुडलँड हेस्टिंग्ज, केनेथ नीलसन आणि टेरी प्लॅट हे तिघं समुद्रातल्या चमकणाऱ्या बॅक्टेरियावर काम करत होते. व्हिब्रियो फिशेरी. (त्या आधी त्याचं नाव फोटोबॅक्टेरियम होतं, आता अलीव्हिब्रियो म्हणतात, नावं बदलत राहायचा आमच्या लोकांना छंदच आहे, मी आपलं व्हिब्रियोच म्हणणार.) ताज्या ब्रॉथमध्ये (म्हणजे बॅक्टेरियाच्या पातळ खाद्यात) थोडेसे बॅक्टेरिया टाकले की वाढ लगेच सुरू व्हायची, एकाचे दोन, दोनाचे चार, सगळं रीतसर, पण उजेड मात्र ढिम्म. संख्या वाढतेय, वाढतेय, उजेड आहे तिथेच. आणि मग बाटली गढूळ झाली की अचानक उजेड असा चढायचा की बघता बघता हजारपट. ग्राफ काढला तर वाढीची रेष गुणी मुलासारखी वर जाते आणि उजेडाची रेष आधी आडवी पडून राहते आणि मग एकदम उभी.

त्याआधी काहींना वाटलं होतं की ब्रॉथमध्येच उजेड दाबणारं काहीतरी असतं आणि बॅक्टेरिया ते खाऊन संपवतात म्हणून उशीर होतो. पण एक साधा प्रयोग करून बघितला की वेगळंच दिसतं. जुना ब्रॉथ घ्यायचा, त्यातले बॅक्टेरिया काढून टाकायचे, आणि त्या उष्ट्या पाण्यात नवे, मोजकेच बॅक्टेरिया सोडायचे. ते वेळ न घालवता चमकायला लागतात. म्हणजे आधीच्यांनी त्या पाण्यात काहीतरी सोडून ठेवलेलं असतं. बॅक्टेरिया गेले तरी ते पाण्यात राहतं, आणि नवे आलेले त्यावरून समजतात की इथे गर्दी आहे. प्रत्यक्षात गर्दी नाहीये! पण त्यांना ते कसं कळणार.

ते 'काहीतरी' काय हे १९८१ मध्ये अनातोल एबरहार्ड आणि मंडळींनी शोधलं. एक छोटासा रेणू, होमोसेरीन लॅक्टोन जातीचा, पेशीच्या आवरणातून आरामात आत-बाहेर करणारा. मग १९८३ मध्ये जोअॅन एंगेब्रेख्ट, नीलसन आणि मायकल सिल्व्हरमन यांनी त्यामागचे जीन उचलून आपल्या ओळखीच्या ई. कोलायमध्ये घातले आणि तो बिचारा पोटातला बॅक्टेरिया चमकायला लागला. यंत्रणा इतकी सुटसुटीत आहे की हसू येतं. लक्सआय नावाचं एक प्रोटीन तो रेणू बनवतं, लक्सआर नावाचं दुसरं प्रोटीन तो पकडतं. एकटा बॅक्टेरिया असेल तर रेणू बनतो आणि बाहेर निघून जातो, पाण्यात विरतो, विषय संपला. आजूबाजूला गर्दी झाली की बाहेरच रेणू साचतो, जेवढा बाहेर जातो तेवढा आत येतो, एका पातळीच्या वर गेला की लक्सआरला चिकटतो आणि उजेडाचे जीन चालू होतात. आणि त्याच जीनच्या रांगेत लक्सआयचा जीनही आहे, म्हणजे चालू झालं की रेणू अजून जास्त बनतो, म्हणून ती रेष अशी ताडकन उभी राहते.

आमच्या सोसायटीच्या एजीएमची नोटीस दरवर्षी तीच असते, कोरम न भरल्यास सभा तहकूब होईल व अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल, तिला कोरमची अट राहणार नाही. सगळ्यांना हे माहीत असल्याने वेळेवर कुणीच येत नाही आणि अर्ध्या तासाने जे आठ-दहा डोकी असतात तेच पार्किंगचे ठराव मंजूर करतात. बॅक्टेरियांना ही पळवाट नाही. आणि दुसरं म्हणजे सह्यांचं रजिस्टर घेऊन बसलेला सेक्रेटरीही नाही. मोजणारं कुणीच नाही. जे साचलंय तोच आकडा.

हे आधी कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. खरं तर नीलसनच्याही पाच वर्षं आधी, १९६५ मध्ये, अलेक्झांडर टोमाझने न्यूमोनियाच्या बॅक्टेरियात असंच काहीसं दाखवलं होतं, की ते बाहेर एक पदार्थ सोडतात आणि तो साचला की सगळे एकदम बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार होतात. पण बॅक्टेरिया म्हणजे एकेकटा, स्वतःपुरता जगणारा जीव हे इतकं पक्कं बसलेलं होतं की हे सगळं एक-दोन प्रकारांची तऱ्हा म्हणून बाजूला पडलं. कोरम सेन्सिंग हे नाव छापून आलं १९९४ मध्ये, आणि त्यानंतर मात्र जिकडे बघावं तिकडे हेच. आता याला प्रेसमध्ये आणि फॉरवर्डमध्ये 'बॅक्टेरिया बोलतात' म्हणतात. म्हणोत बापडे.

पण २००२ मध्ये कॅनडाच्या रोझमेरी रेडफिल्ड यांनी एक खोडा घातला, आणि तो मला फार आवडतो. त्यांचं म्हणणं असं की अहो, हे एकमेकांना मोजतात, सगळ्यांच्या भल्यासाठी एकत्र काम करतात, हे कशावरून? साधं कारण बघा ना. बॅक्टेरियाला खायचं असेल तर तो एन्झाइम बाहेर सोडतो, बाहेरचं अन्न बाहेरच तोडतो आणि मग आत घेतो. हे एन्झाइम बनवायला खर्च येतो. ते सोडलं आणि वाहून गेलं तर सगळं पाण्यात. मग महागडं एन्झाइम सोडायच्या आधी एक स्वस्तातला छोटा रेणू सोडून बघायचा, तो आसपास राहिला तर एन्झाइमही राहील, तो गेला तर तेही जाईल. म्हणजे प्रश्न 'आपण किती जण आहोत' हा नाहीच, 'मी जे सोडतो ते इथे टिकतं का' एवढाच आहे, आणि तो एकट्याचा स्वतःपुरता प्रश्न आहे. यात समाज बिमाज काही नाही.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती डेड लेग.

जे फार्मात नाहीत त्यांच्यासाठी, औषध कंपनीत शुद्ध पाण्याचा एक बंद लूप असतो, स्टीलचे पाइप, पाणी चोवीस तास फिरत राहतं, कुठे थांबायचं नाही. त्यातनं जागोजागी नळ निघतात. एखादा फाटा वापरात नसेल आणि नुसताच टोपी लावून ठेवला असेल तर त्यात पाणी साचून राहतं, त्याला डेड लेग म्हणतात, आणि तिची लांबी पाइपच्या व्यासाच्या किती पट चालते यावर ऑडिटर तासभर डोकं खातात. मागे मी होतो त्या एका कंपनीत एका पॉइंटचा काउंट सारखा वर यायचा. १०० सीएफयूची, म्हणजे कॉलन्यांची, लिमिट, कधी ऐंशी, कधी दीडशे. गरम पाण्याने सॅनिटाइज केलं की चार दिवस शून्य आणि परत सुरू. सँपलिंग करणाऱ्या पोराला सगळ्यांनी झोडलं, हात नीट धुत नाहीस, बाटली नीट धरत नाहीस. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की मागच्या भिंतीच्या आड लाइन बदलताना एक फाटा तसाच राहिलाय. तो उघडला. आत बोट फिरवलं तर गुळगुळीत स्टील लागायला हवं, तिथे शेवाळावरून बोट फिरावं तसा बुळबुळीत थर. स्वॅब लावला तर स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया. गरम पाणी तिथवर नीट पोचतच नव्हतं आणि पोचलं तरी त्या थराखालचे सुखरूप.

आता वाहता लूप आणि साचलेला फाटा यात पाणी तेच, जंतू तेच. पण एकात सोडलेलं वाहून जातं, दुसऱ्यात राहतं. २०१६ मध्ये प्रिन्स्टनमध्ये बॉनी बॅसलर आणि हॉवर्ड स्टोन यांच्या गटाने नेमकं हेच करून बघितलं, बारीक नळ्यांत स्टॅफिलोकॉकस आणि कॉलऱ्याचा व्हिब्रियो वाढवले आणि वरून पाणी वाहतं ठेवलं. भरपूर बॅक्टेरिया असूनही वाहत्या भागात कोरम सेन्सिंग चालूच होत नाही, आणि नळीला खाचा ठेवल्या तर त्या खाचांत, जिथे प्रवाह पोचत नाही, तिथे चालू होतं. गर्दी आहे पण कळत नाही. उलट बाजूने पेशी मोजक्या असल्या तरी बंद जागेत कोरम भरतो. मग हे मोजणं कसलं? मी प्लेटवर मोजतो तसलं तर नक्कीच नाही. माझं मत विचाराल तर रेडफिल्डबाई अर्ध्याहून जास्त बरोबर आहेत, पण सगळं त्यांच्या खात्यात टाकायला मन होत नाही, कारण ज्यापासून हे सुरू झालं तो उजेड. उजेड काही साचत नाही. आसपास टिकतो की वाहून जातो हा प्रश्नच त्याला लागू नाही. मग बॅक्टेरिया तो कशासाठी दाबून ठेवतात?

त्याचं उत्तर हवाईच्या समुद्रात आहे, एका इवल्याशा माकुलात. बॉबटेल स्क्विड म्हणतात त्याला, पूर्ण वाढलेलं जेमतेम तीन सेंटिमीटर. दिवसभर वाळूत गाडून घेतं, रात्री शिकारीला निघतं. वरून चंद्र-चांदण्यांचा उजेड, म्हणजे खालून बघणाऱ्या माशाला याची काळी आकृती दिसणार. म्हणून हे पोटाच्या बाजूने उजेड सोडतं, वरून जेवढा येतोय तेवढाच, की सावली पडायलाच नको. आणि तो उजेड त्याचा स्वतःचा नाही, व्हिब्रियो फिशेरीचा. मार्गरेट मॅकफॉल-न्गाय आणि एडवर्ड रुबी यांनी आयुष्याची कित्येक वर्षं या जोडीवर घातली. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्यात हे बॅक्टेरिया नसतात, समुद्राच्या पाण्यातून काही तासांत ते आत घेतं. बाहेर त्या पाण्यात मिलीलीटरमागे काही शे, तेही नशिबात असतील तर, आणि आतल्या खोबणीत मिलीलीटरमागे हजार कोटींच्या वर. बाहेर उजेड पाडून फायदा शून्य, खर्च मात्र भरपूर. आत उजेड पाडला तर खायला मिळतं. आणि न पाडला तर? उजेड न देणारे म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेले बॅक्टेरिया, आत घातले तर ते टिकत नाहीत, माकूल त्यांना पोसत बसत नाही. वर रोज पहाटे हे माकूल आतले नव्वद-पंच्याण्णव टक्के बॅक्टेरिया समुद्रात ओकून टाकतं, आणि उरलेल्यांपासून संध्याकाळपर्यंत परत पलटण उभी राहते. म्हणजे रेणू साचला याचा अर्थ व्हिब्रियोसाठी 'आपण खूप आहोत' यापेक्षाही 'आपण आत आहोत' असा असावा. हे मला पटतं.

चमकणारे बॅक्टेरिया बघायला हवाईला जावं लागत नाही, रत्नागिरीचा बाजार पुरतो. कॉलेजात असताना सरांनी सांगितलं होतं म्हणून थंडीच्या दिवसांत ताजं माकूल आणलं, न धुता, बर्फात न ठेवलेलं (हे कोळणीला समजावणं हेच अर्धं प्रॅक्टिकल), परातीत लिटरभर पाण्याला तीसेक ग्रॅम मीठ घालून अर्धं बुडेल असं ठेवलं आणि मागच्या पडवीत झाकून ठेवलं. आईने विचारलं काय आहे, मी सांगितलं. "मेल्या, खायचं सोडून कुजवून काय बघतोस?" दुसऱ्या दिवशी रात्री दिवे घालवून बसलो, आधी काहीच दिसेना, डोळे अंधाराला सरावायला चांगला वेळ लागतो, आणि मग अंगावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट निळसर ठिपके. काजव्यासारखे उघडझाप करणारे नाहीत, स्थिर. सगळं अंग चमकत नव्हतं, ठिपकेच, जिथे जिथे दाटी झाली होती तिथे. लूपने, म्हणजे लॅबमधल्या तारेच्या कडीने, एक ठिपका उचलला आणि प्लेटवर ओढला. वास मात्र दोन दिवस पडवीत होता आणि आई ते अजून विसरलेली नाही. हे व्हिब्रियो फिशेरीच असतील असं नाही हां, आपल्याकडच्या मासळीवर त्यांची भावंडं, फोटोबॅक्टेरियम वगैरे, जास्त असतात.

आणि यात एक घोळ नेहमी होतो तो सांगून टाकतो. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्री लाट फुटताना निळी चमकते, रील्स येतात, खाली कुणीतरी बॅक्टेरिया लिहितंच. ते बॅक्टेरिया नव्हेत, ते नॉक्टिल्युका, एकपेशीय पण बॅक्टेरियापेक्षा कितीतरी मोठे, आणि ते धक्का लागला की चमकतात, एकेकटे, कुणाची वाट न बघता. बॅक्टेरियाचा समुद्र वेगळा दिसतो. जानेवारी १९९५ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यापासून दूर, म्हणजे आपल्या अरबी समुद्राच्या पलीकडच्या अंगाला, लिमा नावाच्या ब्रिटिश जहाजाने नोंद केली की सगळा समुद्र दुधासारखा पांढरा दिसतोय, क्षितिजापर्यंत. खलाशांच्या अशा गोष्टी शेकडो वर्षं होत्या, कुणी खरं मानत नव्हतं. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, स्टीव्हन मिलर आणि सहकाऱ्यांनी जुने सॅटेलाइट फोटो काढून बघितले तर तो डाग तिथे होता, लागोपाठ तीन रात्री, सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा साधारण एवढाच आहे. उघड्या समुद्रात कोरम कसा भरतो? बहुधा मरत चाललेल्या शेवाळाच्या कणांवर बॅक्टेरिया दाटीने बसतात, म्हणजे एकेका कणावर एकेक कोरम.

एवढं वाचून असं वाटेल की कमी असताना गप्प, जास्त झाले की हल्ला. बऱ्याच रोगजंतूंचं तसं आहेही. पण कॉलऱ्याचा व्हिब्रियो याच्या बरोब्बर उलटा वागतो. आपल्याकडे पटकीच्या साथी यायच्या, पंढरपूरच्या वारीतून गावोगाव पसरायच्या, वेशीवर मरीआईला नारळ फुटायचे. हा जंतू आतड्यात पोचतो तेव्हा संख्या कमी असते, आणि तेव्हाच तो विष बनवतो (हे विष १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं) आणि आतड्याला चिकटून थर करतो. संख्या वाढली, सिग्नल साचला, की विष बंद, चिकटणं बंद, सुटा हो आणि जुलाबाबरोबर बाहेर पड. पुढच्याच्या पाण्यात. आधी घाण करायची आणि गर्दी झाली की निघायचं. त्याच्या बाजूने बघितलं तर चोख हिशेब आहे.

बाहेर पाण्यात तो एकटा फिरत नाही, कोपेपॉड नावाच्या बारीक जिवांवर गठ्ठ्याने बसतो. म्हणूनच बांगलादेशात रीटा कॉलवेल आणि अन्वर हक यांच्या गटाने बायकांना जुनी सुती साडी चारपासून आठ घड्या करून तिच्यातून पाणी गाळायला सांगितलं, आणि २००३ मध्ये छापलेल्या निकालात कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला होता, ४८ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे नारूच्या काळात फडक्याने पाणी गाळायला सांगायचे तेही याच कोपेपॉडांमुळे. साडी बॅक्टेरियाला अडवू शकत नाही, तो फारच बारीक. पण गठ्ठा अडतो.

मग डोकेबाज विचार असा आला की जंतू मारायचे कशाला, त्यांचा सिग्नलच हाताळू. २०१० मध्ये अमेरिकेत दोघांनी निरुपद्रवी ई. कोलायला कॉलऱ्याचा 'गर्दी झाली' हा सिग्नल बनवायला शिकवलं आणि उंदराच्या पिल्लांना आधी ते पाजलं, मग कॉलरा दिला. कॉलऱ्याला वाटलं आपण खूप झालो, आणि बहुतेक पिल्लं वाचली. झकास. दुसरीकडे सिग्नल बंद पाडणारी औषधं शोधायची शर्यत लागली. पेपरात छापून यायचं, जंतूंना याची सवय लागणार नाही कारण आपण त्यांना मारतच नाही.

इथे मला कायम शंका होती आणि ती बरोबर निघाली याचा आनंद अजिबात नाही. स्यूडोमोनासच्या गर्दीत आयत्या बिळावरचे नागोबा असतात. सिग्नल ऐकायचा जीन बिघडलेले, स्वतः एन्झाइम बनवत नाहीत, दुसऱ्यांनी बनवलेल्यावर जेवतात आणि वाचलेल्या खर्चात पटापट वाढतात. रुग्णांच्या फुप्फुसातही हे सापडतात. आणि हे ऐतखाऊ वाढले की एकूण जमात सौम्य होते. आता व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत अॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने सिग्नल दाबून बघितला, २०१० मध्येच त्याचा निकाल आला. सिग्नल दाबल्यावर काम करणारे आणि ऐतखाऊ एकाच पायरीवर आले, फुकट खाण्यातला फायदाच संपला, आणि ज्यांना औषध दिलं नव्हतं त्यांच्यात ऐतखाऊ वाढत गेले तर औषध दिलेल्यांत मूळचे जहाल तसेच टिकून राहिले. करायला गेलो गणपती.

आणि कानोसा घेणारे वेगळेच. बॅसलरच्या लॅबमध्ये एका सिग्नलमध्ये बोरॉन सापडला, तो सिग्नल कित्येक जातींचे बॅक्टेरिया बनवतात आणि ऐकतात, बऱ्याच जणांची सामायिक भाषा, तर ई. कोलाय तो चक्क पिऊन टाकतो आणि शेजारच्या व्हिब्रियोला कळतच नाही की आपण किती. पण सगळ्यांत वरताण निघाला एक व्हायरस, व्हीपी८८२. हा व्हिब्रियोच्या आत गपचूप बसलेला असतो. जस्टिन सिल्पे आणि बॅसलर यांनी दाखवलं की याच्याकडे व्हिब्रियोचाच सिग्नल पकडणारं प्रोटीन आहे, व्हिब्रियोकडे जसं आहे त्याच घराण्यातलं, म्हणजे कधीतरी ढापलेलं असणार. व्हिब्रियो थोडे असताना तो पडून राहतो. दाटी झाली, सिग्नल साचला, म्हणजे फोडून बाहेर पडलं तर आसपास पुढची पेशी नक्की मिळणार, की तो यजमानाला फोडतो. मग त्यांनी तेच प्रोटीन बदलून असा व्हायरस केला की तो आपण ठरवू त्या खुणेवर, ई. कोलायच्या, साल्मोनेलाच्या, पेशी फोडेल. अजून हे प्लेटीवरच आहे, आणि प्लेटीवर चाललेलं सगळं माणसात चालतं असं निदान क्यूसीत, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये, काम केलेला माणूस तरी म्हणणार नाही. पण यात व्हिब्रियोची गोची बघा, व्हायरसला ऐकू जाऊ नये म्हणून तो रेणूच सोडायचा नाही म्हटलं तर आतड्यातून कधी निघायचं हे त्याला स्वतःलाच कळणार नाही, आणि सोडला तर तो पाण्यात कुणाकुणाला ऐकू जातो यावर त्याचा काही ताबा नाही.